ग्वेनल्हियन: वेल्श मुलींचं एक दुर्मिळ नाव, त्याचा अर्थ आणि त्यामागचा इतिहास

सायली_कार्डिफ

मंडळी, बाळांच्या नावांचे धागे इथे नेहमी येतात, बहुतेक 'स वरून नाव सुचवा' असे. हा जरा वेगळा आहे. माझी लेक इथे कार्डिफमध्ये वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते आणि तिच्या वर्गात ग्वेनल्हियन नावाची मुलगी आहे. नाव कानाला इतकं वेगळं लागलं की शोधायला बसले, आणि मग एकातून एक निघतच गेलं. जेवढं हाती लागलंय ते सगळं लिहून काढते. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उच्चार, कारण त्याच्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. इंग्रजीत लिहिताना मधे दोन 'एल' येतात, पण वेल्श वर्णमालेत ते दोन मिळून एकच अक्षर आहे आणि त्याला स्वतःची वेगळी जागा आहे. 'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवायची आणि गळ्यातून आवाज न काढता नुसती हवा सोडायची, ती जिभेच्या कडेने सूंऽ करत बाहेर पडते. आपल्या कोल्हापूरमधला, कल्हईमधला ल्ह जवळचा वाटतो पण तो म्हणताना आपला घसा वाजतो, त्यांचा वाजत नाही. तिबेटी माणूस ल्हासा म्हणतो ना, त्यातला पहिला ध्वनी मात्र जवळजवळ हाच. म्हणून मी ल्ह वापरतेय. जोर मधल्या अक्षरावर द्यायचा, ग्वेन-ल्हि-यन. बरेच इंग्रज 'ग्वेन्थ्लियन' असं काहीतरी म्हणतात.

आता अर्थ. 'ग्वेन' म्हणजे पांढरी, गोरी, आणि त्याच शब्दाला पवित्र, मंगल असाही अर्थ आहे. पुल्लिंगी रूप 'ग्विन', स्त्रीलिंगी 'ग्वेन'. दुसरा भाग बहुतेक जण 'ल्हियाइन' म्हणजे अळशीच्या झाडाच्या धाग्यापासून होणारं कापड (ज्याला आपण लिनन म्हणतो) या शब्दाशी जोडतात. म्हणजे शुभ्र वस्त्रासारखी, किंवा त्या फिक्या सोनेरी धाग्याच्या रंगाचे केस असलेली. दुसरं एक मत असं की तो 'ल्हियांट' म्हणजे प्रवाह, पूर या शब्दातून आलाय. मला पहिलं पटतं. नावांच्या वेबसाइटींवर 'हसरी' असा अर्थही दिलेला दिसेल, तो सोडून द्या, हसू या अर्थाचा 'ग्वेऽन' दीर्घ आहे, शब्दच वेगळा.

पण खरं सांगायचं तर अर्थापेक्षा या नावाच्या बायकांनी मला धरून ठेवलं. दोघींबद्दल तर लिहायलाच हवं.

पहिली ग्वेनल्हियन, साधारण ११०० च्या सुमाराला जन्मलेली. उत्तर वेल्समधल्या ग्विनेदचा राजा ग्रिफिद आप कनान याची मुलगी, आणि दक्षिणेतल्या देहायबार्थच्या ग्रिफिद आप र्‍हीसची बायको. तेव्हा दक्षिण वेल्समधला बराच मुलूख नॉर्मन सरदारांनी गिळला होता आणि हे नवराबायको रानावनात राहून त्यांना टक्कर देत होते. ११३५ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पहिला हेन्री वारला, गादीवरून भांडणं लागली, वेल्श लोकांना संधी दिसली. नवरा मदत मागायला उत्तरेत तिच्या माहेरी गेला आणि तो तिकडे असतानाच इकडे तिला सैन्य गोळा करून स्वतः लढाईत उतरावं लागलं. किडवेलीच्या गढीजवळ मॉरिस द लाँड्रच्या फौजेने तिचा पराभव केला. ती मारली गेली, तिचा मुलगा मॉर्गन मारला गेला, दुसरा माइलगुन पकडला गेला. हे सगळं ११३६ चं. जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने पुढे ११८८ मध्ये तो मुलूख फिरून प्रवासवर्णन लिहिलं, त्यात त्याने तिला ग्रीक कथांमधल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांच्या राणीची, पेंथेसिलेयाची उपमा दिली आहे. किडवेलीजवळच्या त्या रानाला आजही माइस ग्वेनल्हियन, म्हणजे ग्वेनल्हियनचं शेत, असंच म्हणतात.

ती गेली तेव्हा तिचा धाकटा मुलगा र्‍हीस चारेक वर्षांचा होता. तोच पुढे लॉर्ड र्‍हीस म्हणून दक्षिण वेल्सचा सगळ्यात मोठा राजा झाला. ११७६ मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात त्याने कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या, आज वेल्समध्ये आइस्टेदवोड म्हणून जो भाषेचा उत्सव होतो त्याची सगळ्यात जुनी नोंद तीच धरतात. आईने जिथे जीव दिला त्याच मुलखात मुलाने कवींना बक्षीस म्हणून मानाची खुर्ची दिली, हे वाचून मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

दुसरी ग्वेनल्हियन. हिची गोष्ट लढाईची नाही आणि माझ्या मते जास्त वाईट आहे. ल्हवेलिन आप ग्रिफिद हा वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र, १२६७ च्या तहात खुद्द इंग्लंडच्या राजाने त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिलेली होती. त्याचं लग्न एलेनॉर द मॉन्टफोर्टशी १२७८ मध्ये झालं. एलेनॉर म्हणजे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची सख्खी आतेबहीण. तरी त्याआधी याच राजाने लग्नासाठी निघालेल्या तिला समुद्रात पकडवून डांबून ठेवलं होतं. १२८२ च्या जूनमध्ये मुलगी झाली आणि बाळंतपणातच एलेनॉर गेली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला किलमेरीजवळ ल्हवेलिन मारला गेला, त्याचं मुंडकं लंडनला नेऊन टॉवरवर लावलं. पुढच्या वर्षी काका दाविदला पकडून श्रूजबरीत हालहाल करून मारलं.

राहिली ती तान्ही मुलगी. एडवर्डने तिला वेल्सपासून लांब, इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात पाठवून दिलं. तिचं लग्न झालं असतं, मूल झालं असतं, तर वेल्सच्या गादीला वारस उभा राहिला असता, म्हणून मठ. आतेबहिणीची मुलगी होती हो ती! तिथेच ती मोठी झाली, जोगीण झाली, आणि ७ जून १३३७ ला तिथेच वारली. म्हणजे जवळजवळ चोपन्न वर्षं. दाविदच्या मुलीला, ग्लादिसलाही तसंच सिक्सहिल्सच्या मठात टाकलं होतं.

आणि ज्याच्यासाठी मी हा धागा काढलाय ते आता. इंग्रजी कागदपत्रांत तिचं नाव कसं लिहिलंय? वेन्सिलियन. वेन्टलियान. भोवती वेल्श बोलणारं कोणी नाही, ल्ह तोंडात बसणारं कोणी नाही, मग नाव असं घासून घासून दुसरंच होऊन गेलं. तिची जमीन घेतली, आईबाप गेले, आणि नावातला तो एक ध्वनीसुद्धा राहिला नाही. त्यामुळे आता माझ्या लेकीची मैत्रीण घरी येते तेव्हा मी तिचं नाव नीट, तिच्या आईसारखं घ्यायचा प्रयत्न करते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आज हे नाव किती जणी ठेवतात, कमी का झालं, यावर पुढे लिहीन. तुम्हाला काही माहीत असेल तर जरूर भर घाला.

ऋतुजा_नाशिक

सायलीताई काय लिहिलंयस गं! दुसऱ्या गोष्टीने अंगावर काटा आला. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाची राजाला भीती? त्या मठात तिची समाधी वगैरे आहे का आता? आणि एक प्रश्न, एवढ्या मोठ्या दोन बायका या नावाच्या, मग नाव दुर्मिळ कसं झालं? आपल्याकडे जिजाबाई, अहिल्या, तारा ही नावं लोक मुद्दाम ठेवतात.

शब्दवेडा

सुंदर धागा. व्युत्पत्तीत थोडी भर घालतो.

'ग्विन/ग्वेन' हे जुन्या केल्टिक 'विंदोस' पासून आलेलं आहे, आयरिशमधला 'फिन' (गोरा) हा त्याचाच भाऊ. वेल्शमध्ये जुन्या शब्दांच्या सुरुवातीच्या 'व' चा 'ग्व' झाला म्हणून आपल्याला ओळखू येत नाही. आता 'विंदोस' च्या मुळाशी पाहणे, दिसणे या अर्थाचा जो धातू आहे असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात तोच धातू संस्कृतमधल्या 'विद्' चा, वेद आणि विद्या ज्यातून आले तो. जे उठून दिसतं ते शुभ्र, असा अर्थ सरकत गेला असावा असं म्हणतात. म्हणजे नातं असलंच तर फार लांबचं, पण आहे.

आणि या 'ग्वेन' चं कुटुंब प्रचंड मोठं आहे. ओल्वेन म्हणजे शुभ्र पाऊलखूण, जुन्या वेल्श कथेत ती जिथे पाऊल ठेवील तिथे पांढरी फुलं उगवायची. ड्विनवेन ही वेल्समधली प्रेमिकांची संत, २५ जानेवारीला तिचा दिवस असतो आणि अँगलसी बेटाला लागून तिच्या नावाचं ल्हान्ड्विन नावाचं ठिकाण आहे. ब्रॉनवेन, केइनवेन, टेगवेन. आर्थर राजाची राणी ग्वेनहवीवार, जिला इंग्रजीत ग्विनिव्हिअर म्हणतात. आणि जेनिफर हे त्या राणीच्याच नावाचं कॉर्नवॉलकडचं रूप आहे. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्याकडे किती जेनिफर आहेत, त्या सगळ्या नावाने ग्वेनल्हियनच्या चुलतबहिणी.

एक सूचना, अमेरिकेत ब्रॉनविन असं 'विन' लावून मुलींची नावं ठेवतात. वेल्समध्ये 'विन' पुल्लिंगी आहे, मुलीच्या नावात 'वेन' च पाहिजे. आपल्याकडे कोणी मुलीचं नाव सुनीताऐवजी सुनीत ठेवावं तसं त्यांच्या कानाला होत असणार. आणि ग्वेंडोलिन हे वेगळं नाव आहे, ते ग्वेनल्हियनचं इंग्रजी रूप नव्हे, नेटवर सगळीकडे गोंधळ घालून ठेवलाय.

सायली_कार्डिफ

शब्दवेडा, जेनिफरचं मला अजिबात माहीत नव्हतं, मस्त!

ऋतुजा, समाधी नाही. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले सगळे मठ मोडले त्यात १५३८ मध्ये सेम्प्रिंगमचा मठही गेला, पुढे दगडसुद्धा दुसरीकडे वापरले गेले. आता तिथे शेतं आहेत आणि मधे एक जुनं चर्च एकटं उभं आहे. चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर १९९३ मध्ये तिच्या नावाचा दगड बसवला आणि २००१ मध्ये त्या जागी नवीन मोठा दगड आला, वेल्समधून लोक मुद्दाम तिथे जातात. तिच्या स्मृतीसाठी १९९६ पासून एक संस्थाही काम करतेय.

मठात असताना तिच्या खर्चापोटी वर्षाला २० पौंड राजाकडून मिळायचे अशी नोंद आहे. त्या काळात बरीच रक्कम. म्हणजे खायला घालायला कमी केलं नाही, फक्त बाहेर पडू दिलं नाही. आणि तिचा बाप गेल्यावर 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी १३०१ मध्ये एडवर्डने आपल्याच मुलाला दिली, तीच आजपर्यंत इंग्लंडच्या युवराजाला मिळत आलीय. त्यामुळे त्या पदवीचा विषय इथे निघाला की काही लोक एकदम गप्प होतात, काही चिडतात.

आता दुर्मिळ का झालं. गंमत अशी की मध्ययुगात हे नाव दुर्मिळ नव्हतंच. तेराव्या-चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या कागदपत्रांत ग्वेनल्हियन भरपूर भेटतात, राजघराण्यात आणि साध्या शेतकऱ्यांतही. ओवाइन ग्लिंदूर, ज्याने १४०० मध्ये इंग्लंडविरुद्ध शेवटचं मोठं बंड केलं, त्याच्याही एका मुलीचं नाव ग्वेनल्हियन. मग ट्यूडर राजे आले, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये मिसळून टाकला, कोर्टकचेरीची भाषा फक्त इंग्रजी. ज्याला पुढे जायचं तो पोरांची नावं मार्गरेट, कॅथरीन, एलिझाबेथ ठेवणार हे उघड आहे. चर्चच्या नोंदवह्यांत मग 'वेनल्हियन' असं ग उडालेलं रूप दिसायला लागतं, दक्षिणेत ते बरीच वर्षं टिकलं.

एकोणिसाव्या शतकात तर शाळेत वेल्श बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात 'वेल्श नॉट' म्हणून लाकडाचा तुकडा अडकवायचे, ज्याच्या गळ्यात शेवटी तो राहील त्याला मार. १८४७ मध्ये सरकारी अहवाल आला, त्यात वेल्श भाषा म्हणजे लोकांच्या प्रगतीतला अडथळा असं लिहिलेलं, तो इथे अजून कोणी विसरलेलं नाही. पण त्याच शतकात उलटं वारंही सुटलं, जुनी नावं शोधून शोधून परत वापरायला लागले. १८७८ मध्ये जोसेफ पॅरीचा ब्लॉडवेन नावाचा वेल्श भाषेतला पहिला ऑपेरा आला आणि मग घरोघरी ब्लॉडवेन झाल्या. ग्वेनल्हियनही त्याच लाटेत थोडी वर आली. ग्वेनल्हियन मॉर्गन नावाच्या बाई १९१० मध्ये ब्रेकन गावच्या महापौर झाल्या, वेल्समधल्या पहिल्या महिला महापौर त्या.

आणि आत्ताचं म्हणाल तर वेल्समध्ये वर्षाला जन्मच जेमतेम २८ हजारांच्या घरात (२०२२ चा आकडा), त्यात मुली निम्म्या, त्यात वेल्श बोलणारी घरं अजून कमी. २०२१ च्या जनगणनेत तीन वर्षांवरच्या लोकांपैकी १७.८ टक्के लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं, साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. १९०१ मध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. बघा फरक. त्यात वेल्श नावातसुद्धा लोक सेरेन, फियॉन, मेगन, मली अशी सुटसुटीत नावं पसंत करतात, इंग्लंडमध्ये कॉलेजला नोकरीला गेली तर अडचण नको म्हणून. ग्वेन एवढंच नाव ठेवणारे बरेच आहेत. पूर्ण ग्वेनल्हियन ठेवणारे आईबाप मात्र विचार करून ठेवतात, त्यांना मुलीच्या नावात तो ल्ह हवाच असतो.

बापू_सातारकर

सायलीताई, लेख आवडला. 'आप' आणि 'वेर्ख' याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी वीसेक वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाला न्यूपोर्टला होतो तेव्हा एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने हे समजावलं होतं.

आप म्हणजे 'चा मुलगा', वेर्ख म्हणजे 'ची मुलगी'. ग्वेनल्हियन वेर्ख ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदची मुलगी ग्वेनल्हियन. आडनाव नाहीच. आपलं नाव, मग बापाचं नाव, मग लागलंच तर आजोबाचं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नाव, वडलांचं नाव असं येतं तेच, फक्त शेवटचं आडनाव काढून टाका. आणि बाईचं लग्न झालं तरी ती मरेपर्यंत बापाचीच वेर्ख, नवऱ्याचं नाव लागत नसे.

पुढे इंग्रजी पद्धतीची आडनावं आल्यावर हे 'आप' आडनावाला चिकटले. आप र्‍हीस चा प्राइस झाला, आप हवेल चा पॉवेल, आप हॅरी चा पॅरी, आब ओवेन चा बोवेन. बाकीच्यांनी बापाच्या नावाला एस लावला, म्हणून तिकडे जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स यांचा एवढा सुकाळ. आमच्या ऑफिसात तीन डेव्हिड जोन्स होते, त्यांना धंद्यावरून ओळखायचे. आपल्याकडे एकाच गावात दहा पाटील असले की करतात तसंच.

शब्दवेडा

बापू, बरोबर. आणि मूळ शब्द 'मेर्ख' आहे, मुलगी. वेल्शमध्ये आधीच्या शब्दाप्रमाणे किंवा जागेप्रमाणे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं, म चा व होतो, म्हणून वेर्ख.

मीनल_स्वान्सी

सगळ्यांना नमस्कार, मी इथे फारशी लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही स्वान्सीत राहतो, मला सहावा महिना आहे आणि मुलगी आहे असं सांगितलंय (इथे सांगतात). नवरा म्हणतोय की मूल इथेच वाढणार, वेल्श शाळेतच घालणार, तर एक वेल्श नाव ठेवू. ग्वेनल्हियन त्याला फार आवडलंय. माझ्या सासूबाई इचलकरंजीला असतात, त्यांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अगं मला म्हणता येईल असं काहीतरी ठेवा.' आपण मराठी माणसांनी असं नाव ठेवणं बरोबर वाटतं का? खरंच मनापासून विचारतेय.

कोकणकन्या

मीनल, मी स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. आजीला नातीचं नाव घेता येत नसेल तर ते नाव घरात रुजत नाही. बाळाला हाक सगळ्यात जास्त कोण मारणार? तुम्ही दोघं आणि व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे आजीआजोबा. आणि सायलीने लिहिलंय ना वर, त्या मठातल्या बिचारीचं नाव भोवतालच्या लोकांना म्हणता येईना म्हणून बिघडलं. इचलकरंजीत तेच होणार, ग्वेनलियन, गेनलियन काहीही. मग ज्या नावाचा एवढा मान राखायचा त्याचा मान आपणच घालवणार. मधलं नाव म्हणून ठेवा हवं तर.

सायली_कार्डिफ

मीनल आधी अभिनंदन! तब्येत जप.

कोकणकन्याचा मुद्दा मला पटतो आणि नाहीही पटत. मी लेकीच्या शाळेतल्या दोन-तीन वेल्श आयांशी या विषयावर बोललेय, बाहेरून आलेल्या लोकांनी वेल्श नाव ठेवलं तर तुम्हाला कसं वाटतं असं सरळ विचारलं. त्यांना आनंदच होतो. इथे सरकारचं ध्येय आहे की २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे व्हावेत, आणि ते काही फक्त जुन्या वेल्श घरांतून होणार नाहीत हे त्यांना माहीत आहे. त्यांना खटकतं ते वेगळंच. नाव गोड दिसतं म्हणून उचलायचं, स्पेलिंग सोपं करायचं, एक एल काढून टाकायचा, आणि मुलीलाच स्वतःचं नाव नीट म्हणता येत नाही.

त्यामुळे माझं मत असं, तुम्ही दोघं आधी तो ल्ह शिका. रोज म्हणा, शेजारपाजारच्या वेल्श माणसाला ऐकवा, त्याने मान डोलावली की मग ठेवा बिनधास्त. नुसतं आवडलं म्हणून ठेवणार असाल आणि ल्ह वर मेहनत घ्यायची नसेल, तर या नावाला हात लावू नका असंच मी म्हणेन. दुसऱ्या कुठल्या नावाबद्दल मी इतकी कडक नसते, पण या एका नावाबाबतीत आहे.

आणि इचलकरंजीच्या आजींना कोल्हापूरचा ल्ह येतोच की, इंग्रजांपेक्षा त्या कितीतरी पुढे आहेत! त्या 'ग्वेनल्हियन' म्हणाल्या, घसा वाजवून म्हणाल्या तरी ते वेन्सिलियनपेक्षा हजारपट बरं.

अनिरुद्ध_शिलाँग

बँकेच्या नोकरीमुळे शिलाँगला आहे, त्यामुळे हा धागा वाचताना मजा वाटली. वेल्स आणि भारत यांचं एक नातं इथे आहे जे महाराष्ट्रात फारसं माहीत नसतं. १८४१ मध्ये थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीला आला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली, ती आपल्या वेल्श सवयीप्रमाणे. आजही खासी वर्णमाला म्हणून दाखवली तर 'जी' नंतर लगेच 'एनजी' हे जोडाक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, अगदी वेल्शसारखं. इथल्या लोकांना वेल्समधून आलेल्या माणसाबद्दल वेगळा जिव्हाळा असतो. ज्या माणसाची स्वतःची भाषा त्याच्या देशात दाबली जात होती त्याने दुसऱ्या डोंगरात येऊन दुसऱ्या भाषेला अक्षरं दिली, मला हे फार मोठं वाटतं.

मीनलताई, ठेवा नाव. इथे नावं ठेवताना लोक इतका विचार करत नाहीत, आवडलं की ठेवतात आणि प्रेमाने हाक मारतात.

डोंगरवेडा

नावाचा डोंगर राहिला! उत्तर वेल्समध्ये एरीरी (आधी सगळे स्नोडोनिया म्हणायचे, २०२२ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने वेल्श नावच वापरायचं ठरवलंय) भागात कार्नेदाय नावाची डोंगररांग आहे. तिच्यातली मोठी दोन शिखरं कार्नेद ल्हवेलिन आणि कार्नेद दाविद, म्हणजे मठातल्या ग्वेनल्हियनचे बाप आणि काका, असं बरेच जण मानतात. जवळच एक शिखर इर एलेन, ते आईच्या नावाचं असं मानतात. मुलीचं मात्र कुठेच नाव नव्हतं. मग २००९ मध्ये लोकांनी मागे लागून लागून त्याच रांगेतल्या कार्नेद इखाव या ९२६ मीटरच्या शिखराचं नाव बदलून कार्नेद ग्वेनल्हियन करून घेतलं आणि ते सरकारी नकाशातही आलं.

मी गेलोय. खालून आबेरग्विनग्रेगिन गावातून सुरुवात केली, तेच गाव जिथे ती जन्मली. धबधबा बाजूला ठेवून वर चढायचं, मग फोइल व्हरास, मग ग्वेनल्हियन, मग फोइल ग्राख आणि शेवटी ल्हवेलिन अशी धार लागते. सह्याद्रीसारखा कातळ आणि कडे इथे नाहीत, गवताळ रुंद पठार आहे आणि मोकाट फिरणारी छोटी घोडी दिसतात. ग्वेनल्हियनचं शिखर म्हणजे खरं तर दगडांचा एक उंचवटा, आजूबाजूपेक्षा फार उठलेला नाही, म्हणून ३००० फुटांवरच्या शिखरांच्या यादीत तो धरायचा की नाही यावर तिथले ट्रेकर भांडतात. मी धरतो. धुकं झपकन येतं, होकायंत्र आणि कागदी नकाशा ठेवाच, फोनवर विसंबू नका. फोइल ग्राखच्या माथ्याजवळ दगडी निवारा आहे, अडकलात तर उपयोगी पडतो.

ऋतुजा_नाशिक

आईबाप, काका आणि मुलगी एका रांगेत. नकाशात शोधलं आत्ता, खरंच सगळी जवळजवळ आहेत!

मीनल_स्वान्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून ल्ह म्हणायचा सराव केला, नवऱ्याला माझ्याआधी जमला. सासूबाईंना तिच्या मठाची गोष्ट सांगितली तर त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, 'मग ठेवाच.' आता एवढंच विचारायचंय, घरात हाक मारायला छोटं काय वापरतात?

सायली_कार्डिफ

अगं किती छान! छोटं नाव म्हणून इथे ग्वेन, ग्वेनो आणि ल्हियो ही तीन ऐकू येतात. ल्हियो गोड आहे पण त्याची सुरुवातच त्या अक्षराने होते, म्हणजे आजीला अजून अवघड. ग्वेनो घ्या. कार्डिफचीच ग्वेनो साँडर्स म्हणून गायिका आहे, वेल्शमध्ये आणि कॉर्निशमध्ये गाते, त्यामुळे नाव लोकांच्या ओळखीचं आहे.

आणि नाव नोंदवताना मधल्या दोन एल ची स्वतः पाहणी कर, सही करायच्या आधी. इथे जन्मनोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते आणि ती वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत करून मिळते, तशी मागून घे.